सूत कुणी कातलं?

1812 च्या 1 जानेवारीला जॉन ॲडम्सनं मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावाहून थॉमस जेफरसनला पत्र टाकलं. दोघेही अमेरिकेचे माजी अध्यक्ष. 1800 ची निवडणूक ते एकमेकांविरुद्ध लढले होते आणि त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं त्यांचा अबोला होता. बेंजामिन रश या डॉक्टर मित्रानं मध्ये पडून तो सोडवला. घरी विणलेल्या कापडाचे दोन तुकडे टपालानं पाठवतो आहे, असं ॲडम्सनं लिहिलं होतं. खरं तर ती त्याच्या मुलाच्या, जॉन क्विन्सी ॲडम्सच्या, वक्तृत्वावरच्या व्याख्यानांची दोन पुस्तकं होती. बापानं कौतुकानं त्यांना घरचं कापड म्हटलं होतं. पत्र आधी पोचलं, पुडकं मागं राहिलं, आणि 21 जानेवारीला जेफरसननं खरोखरच कापडावर उत्तर लिहिलं.

आमच्याकडं व्हर्जिनियात आता घरोघरी जाडंभरडं आणि मध्यम पोताचं कापड निघतं, असं तो सांगतो. घरातल्या दर माणशी एक मेंढी असली, जोडीला शेतातला कापूस आणि जवसाचा धागा असला, की कुटुंबाच्या कपड्यांची सोय होते. एकाच वेळी अनेक चात्या फिरवणारा जेनी चरखा आणि धावत्या धोट्याचा माग घरात चालवता येतो. त्याहून अवघड यंत्रं आम्हाला नकोत. तलम कापड तुमच्या उत्तरेकडच्या कारखान्यांनी पुरवावं. रुसवा सोडून पुन्हा बोलायला लागलेले दोन म्हातारे मेंढ्या आणि मागांपासून सुरुवात करतात, हे मला फार भावलं.

सरांनी या पत्राची प्रत छापून आम्हा दोघींपुढं ठेवली होती. सर बोर्डीला इतिहास शिकवत. निवृत्तीनंतर झाईत राहतात. अंगावर कायम खादी. दोघी म्हणजे मी आणि माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या हाताखाली शिकलेली एक वारली मुलगी. मुलगी म्हणायचं ते सवयीनं. ती दोन लेकरांची आई आहे आणि उंबरगावच्या जीआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर आहे. झाई हे या किनाऱ्यावरचं महाराष्ट्राचं शेवटचं गाव. 1 मे 1960 पूर्वी उंबरगावही ठाणे जिल्ह्यातच होतं. आता तलासरीच्या गावागावांतून रोज सकाळी रिक्षा आणि टेम्पो भरभरून माणसं दुसऱ्या राज्यात, म्हणजे गुजरातेत, कामाला जातात.

सरांना त्या पत्रात एक आदर्श दिसत होता. “दर माणशी एक मेंढी! हिशेब किती सरळ आहे बघा. कर्ज काढायला नको, लंडनच्या व्यापाऱ्याचं तोंड बघायला नको. 1807 मध्ये यानंच अध्यक्ष असताना परदेशी व्यापार बंद केला होता. जहाजं बंदरात कुजली, लोकांनी शिव्या दिल्या, पण घरोघर चरखे फिरायला लागले. ज्याचं कापड घरचं त्याला वाकवणं अवघड असतं.”

तिनं पत्र पुन्हा खालीवर वाचलं. “सर, मेंढी कातरायची कुणी, ते यात नाही.”

“कुटुंबानं. घरच्या माणसांनी.”

“त्याच्या घरची माणसं कोण?”

सर क्षणभर थांबले. त्यांना उत्तर माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. जेफरसनच्या माँटिसेलोच्या टेकडीवर आणि इतर शेतांवर त्याच्या आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून राबली. त्याची शेतीची वही आजही जपलेली आहे, आणि तिच्यात कामाची वाटणी स्वच्छ लिहिली आहे. दहा वर्षांपर्यंतच्या पोरांनी लहान भावंडं सांभाळायची. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांनी खिळे घडवायचे, मुलींनी सूत कातायचं. सोळाव्या वर्षी शेतावर जायचं किंवा एखादा धंदा शिकायचा. त्याच वह्यांत कापडाच्या वाटपाच्या याद्या आहेत: कुणाला किती वार. घोंगडी दर तीन वर्षांनी एक.

“तीन वर्षांनी एक घोंगडी,” ती म्हणाली. “जी पोरगी लोकर कातते तिला तीन वर्षांनी एक. आणि हा दुसऱ्या म्हाताऱ्याला लिहितो, आमच्याकडं घरोघरी कापड होतं.”

सर म्हणाले, “हे मी लपवत नाही. पण विचार आणि विचार मांडणारा माणूस, यांत फरक करायला नको का? आपल्याकडं बघ. 1848 पासून लोकहितवादींनी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रंच लिहिली ना? एकशेआठ पत्रं. त्यांत त्यांनी हेच सांगितलं, की जाडंभरडं असलं तरी आपल्या देशातलं वापरा. टिळकांच्याही आधी, गांधींच्या किती आधी. आणि सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, 1877 च्या दिल्ली दरबारात स्वतः कातलेल्या सुताची खादी घालून गेले. राजेरजवाडे जरीत, आणि हा वकील खादीत.”

“सार्वजनिक काकांनी स्वतः कातलं,” ती म्हणाली. “तिथं माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं जेफरसनबद्दल आहे.”

सरांनी मान डोलावली, पण वाद सोडला नाही. सरांची ही जुनी सवय. विद्यार्थ्याचा मुद्दा बरोबर असला की ते तो कबूल करत आणि पुढचा प्रश्न आणखी कठीण विचारत.

“बरं. मग तू सांग, तुझ्या पॅकिंगच्या पट्ट्यावर जो माल येतो तो कुणी केला हे तुला माहीत असतं का? तू बारा-बारा तास उभी राहतेस. तुझ्या हातचं एक तरी तुझ्या घरात येतं का? 2020 च्या टाळेबंदीत हद्द बंद झाली तेव्हा या गावातल्या किती घरांत पगार आला? कारखाना तिकडं, माणूस इकडं. तेव्हा कामी आलं ते कणगीतलं भात आणि नागली. जेफरसनही तेच सांगत होता. बंदरं बंद झाली की घरात जे आहे ते आपलं.”

मला वाटतं हा सरांचा त्या दिवशीचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता. टाळेबंदीत ज्यांच्या वरकस जमिनीवर नागली-वरई होती ती घरं आणि ज्यांनी कारखान्याच्या भरवशावर शेत सोडलं होतं ती घरं, यांतला फरक मी डहाणूत स्वतः पाहिला होता. तीही गप्प बसली नाही, पण तिचा सूर बदलला.

“नागली आईनं ठेवली होती म्हणून जगलो, खरंय. पण सर, पगार माझ्या नावावर जमा होतो. माझ्या आजीला मजुरी मिळायची ती शेटच्या मर्जीनं. मिळाली तर. तिला कुणी विचारलं असतं, घरी कातशील की कारखान्यात जाशील, तर ती चालत उंबरगावला गेली असती.”

इथं थोडं थांबायला हवं, कारण हा इतिहास झाईच्या पाच-पंचवीस किलोमीटरच्या आतला आहे आणि आपल्याच राज्यात तो पुरेसा वाचला जात नाही. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतले वारली 1945 पर्यंत वेठबिगारीत होते. लग्नाला काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी जमीनदाराच्या वाडीवर राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज किती फिटलं हे कागदावर, आणि कागद वाचता येणारा एकटा जमीनदार. 23 मे 1945 ला तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या मेळाव्याला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही, असं ठरवून उठले. त्यानंतर मजुरीचा लढा आला. मुंबईच्या बाजारात जाणारं गवत हेच कापायचे. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मिळावेत, ही मागणी होती. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक सगळ्यांना नावानं माहीत असतं. ते उघडून वाचायला हवं.

तिची आजी त्या काळात लहान मुलगी होती. घरच्या आठवणींत वेठीचं कापड नाही, कारण कापड नव्हतंच. लंगोटी आणि एक फडकं. तेव्हा जेफरसनच्या वहीतली ती दहा वर्षांची सूत कातणारी मुलगी तिला दूरची वाटली नाही. मला ती दूरची वाटते, तिला नाही. आमच्यातला फरक तिथं होता.

“आणि ज्यांनी गुलामी संपवली त्यांची आठवण आपल्याकडं कुणी ठेवली, सांग,” सर म्हणाले. आता ते तिच्या बाजूनं बोलत होते, पण त्यांना ते मान्य नसतं झालं.

उत्तर मला येत होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. पुण्यात बसून एका माळ्याच्या मुलानं व्हर्जिनिया-जॉर्जियाच्या मळ्यांवरची माणसं आणि आपल्याकडची शूद्रातिशूद्र माणसं एका वाक्यात आणली. आणि हेच फुले दहा वर्षांनी, 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, मेंढ्यांवर लिहितात. परदेशातून उत्तम जातीच्या शेळ्यामेंढ्यांची बेणी विकत आणून इथं त्यांची पैदास करावी. लेंडीमुतापासून शेताला खत मिळेल आणि लोकरीचा पैसा शेतकऱ्याच्या हातात पडेल, अशी ती सूचना आहे.

सरांचे डोळे चमकले. “जेफरसननं हेच केलं! लिस्बनला विल्यम जार्विस नावाचा अमेरिकी वकिलातीचा माणूस होता. नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या, सरदारांचे मेरिनो मेंढ्यांचे कळप विकायला निघाले, आणि यानं हजारोंनी मेरिनो अमेरिकेला धाडल्या. त्याआधी स्पेनमधून मेरिनो बाहेर काढणं महाकर्मकठीण. जेफरसनला आणि अध्यक्ष मॅडिसनला 1810 मध्ये त्यांतल्या मेंढ्या मिळाल्या. तेव्हा एकेका मेरिनो एडक्याला लोक हजार-हजार डॉलर मोजत होते. जेफरसन मे महिन्यात मॅडिसनला लिहितो, हा नफेखोरीचा बाजार मला लाजिरवाणा वाटतो. आपण दोघांनी पैदास करून व्हर्जिनियाच्या प्रत्येक काउंटीला शुद्ध जातीचा एक एडका फुकट द्यावा. फुकट! फुल्यांनीही शेतकऱ्याच्या पदरात काय पडेल तेच पाहिलं.”

“फुल्यांनी लोकरीचा पैसा कातरणाऱ्याच्या हातात ठेवला,” ती म्हणाली. “सर, तुम्ही तो एक शब्द सोडून पुढं जाता.”

मी तिच्या बाजूची आहे, हे इथं लिहून टाकते. दोन्ही योजनांत मेंढी तीच, लोकर तीच; फायदा कुणाच्या नावावर पडतो तेवढं वेगळं, आणि त्या तेवढ्यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

सर आत गेले आणि घोंगडी घेऊन आले. साताऱ्याकडून कधीकाळी आणलेली, दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची. हातात घेतली तर जड. पोत खरखरीत, बोटांना टोचणारा. कडेला पांढऱ्या लोकरीची बारीक किनार. ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळं नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ असते आणि वापरून वापरून मऊ होते. धनगर मेंढ्या पाळतात, कातरतात, सणगर विणतात. पाऊस वरून घसरून जातो, आत ऊब राहते. आमच्या या ओल्या किनाऱ्यावर मेंढी टिकत नाही, इथं पावसात शेतावर इरलं चालायचं. पण सह्याद्रीच्या पलीकडं पिढ्यान् पिढ्या हेच अंथरूण, पांघरूण आणि छत्री होतं.

“आता या लोकरीला गिऱ्हाईक नाही,” सर म्हणाले. “धनगराला कातरणीचीच मजुरी अंगावर पडते. कित्येकदा लोकर टाकून देतात.”

“मग मेंढी कशाला पाळतात?”

“मटणाला.” आणि मग त्यांनी फलटणची गोष्ट सांगितली. कमला निंबकर या मूळच्या एलिझाबेथ लुंडी, अमेरिकेतल्या क्वेकर घरातल्या. क्वेकर म्हणजे गुलामीविरुद्ध सगळ्यात आधी उभा राहिलेला पंथ. लग्न करून त्या इथल्या झाल्या आणि मुंबईत त्यांनी व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. त्यांची कन्या डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ या लहानखुऱ्या मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार झाली. आज धनगरांच्या कळपांत त्या मेंढ्या आहेत.

“म्हणजे जुळ्यांचं बेणं बंगालमधून आलं,” ती म्हणाली. “आणि धनगराला एकाऐवजी दोन कोकरं. हे मला पटलं. यात कुणाला जबरदस्ती नाही.”

“पण कापड गेलं,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं.

“कापड गिरणीत जाऊ दे सर. तुमचा जेफरसनच शेवटी तसं म्हणाला ना? तुम्हीच आम्हाला शिकवलंत.”

सरांनी शिकवलं होतं. तरुण जेफरसननं लिहिलं होतं की कारखाने युरोपातच राहू देत, आपण शेती करू. इंग्लंडशी 1812 चं युद्ध झाल्यावर त्याच जेफरसननं जानेवारी 1816 मध्ये बेंजामिन ऑस्टिनला पत्र लिहून मत बदलल्याचं कबूल केलं: शेतकऱ्याच्या शेजारी आता कारागिराला आणि कारखानदाराला बसवायलाच हवं, नाहीतर आपण परक्यांच्या मेहेरबानीवर जगू.

“शेजारी म्हणाला तो. डोक्यावर नाही,” सर म्हणाले. “डहाणू तालुक्याला 1991 च्या अधिसूचनेनं पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक ठरवलं, भोवतालच्या पट्ट्यासकट उद्योगांना मर्यादा घातली. म्हणून घोलवड-बोर्डीच्या वाड्या अजून उभ्या आहेत. वापीची दमणगंगा बघून ये.”

“म्हणून कारखाने तिकडं गेले आणि आम्ही रोज तिकडं जातो. झाडं वाचली, चांगलं झालं. पण ज्या वाड्या वाचल्या त्यांत माझी किती आहे?”

याला सरांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही. वाडीमालक आणि वाडीवरचा गडी ही वाटणी 1945 नंतर खूप सैल झाली, कूळकायद्यानं जमिनी आल्या, तरी चिकूच्या बागांत आजही तोडणीला कोण असतं आणि पावती कुणाच्या नावाची फाटते, ते डोळ्यांनी दिसतं.

मग बोलणं बियाण्यावर आलं, आणि इथं सर खुलले. जेफरसनच्या पत्रव्यवहारातला हा भाग मलाही सगळ्यात मोलाचा वाटतो. पॅरिसच्या वनस्पती उद्यानाचे आंद्रे थुएँ त्याला वर्षानुवर्षं शेकडो जातींचं बियाणं पाठवत राहिले; तो ते मित्रांना, माळ्यांना, कृषिमंडळांना वाटत राहिला. देशाच्या शेतीत एका उपयोगी झाडाची भर घालणं ही सगळ्यात मोठी सेवा, असं तो मानायचा. 1800 च्या सुमारास त्यानं आपण देशासाठी काय केलं याची यादी केली, तेव्हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या जोडीला त्यात ऑलिव्हची रोपं आणि डोंगरी भाताचं बियाणं होतं.

“आणि 1787 ची गोष्ट ऐक,” सर तिला म्हणाले. “हा फ्रान्समध्ये वकील होता. इटलीच्या पिडमाँटमधला भात फ्रान्सच्या बाजारात अमेरिकेच्या भाताला मागं का टाकतो, हे बघायला आल्प्स ओलांडून गेला. तिथून साळ बाहेर न्यायला बंदी, पकडला तर देहान्त. यानं कोटाचे खिसे भरून साळ आणली आणि कॅरोलिनाला धाडली.”

“मग? उगवली?”

“कॅरोलिनाच्या राल्फ इझार्डनं उलटटपाली कळवलं, ही जात आमच्याहून हलकी आहे, आमच्या भातात मिसळली तर आमचं बियाणं बिघडेल, आणखी पाठवू नकोस.”

ती मोकळं हसली. “बरोबर केलं त्यानं. माझी आई पण असंच करते. तालुक्याहून पिशवी आली की आधी एका कोपऱ्यात राब करून वेगळी लावते. कोलमाच्या शेजारी लावू देत नाही. कणसं बघते, भात शिजवून बघते, पेंढा बैल खातो का तेही बघते. दोन वर्षं बघितल्याशिवाय कणगीत जागा देत नाही.”

सरांनी आनंदानं टाळी दिली. आणि मग त्यांनी तो मुद्दा काढला जो मला अनपेक्षित होता. पिडमाँटच्या फजितीनंतर जेफरसननं डोंगरी भाताचा नाद धरला, कारण कॅरोलिनाच्या पाणथळ भातखाचरांत माणसं तापानं मरत होती. पाण्याशिवाय पिकणारा भात मिळाला तर हे मरण टळेल, असं त्याला वाटलं. 1790 मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून त्याला पिंपभर साळ मिळाली. ती त्यानं कॅरोलिना आणि जॉर्जियात वाटली. जॉर्जियाच्या उंचवट्यांवर ती रुजली.

“बघ, त्याला त्या माणसांच्या मरणाची काळजी होती,” सर म्हणाले.

“खाचरात मरणारी माणसं आफ्रिकेतली. साळ आफ्रिकेतली. लावायची कशी ते त्या माणसांनाच ठाऊक. सर, साळीचं पिंप आणलं तसं त्या माणसांना परत सोडता आलं असतं की.”

सर यावर काहीच बोलले नाहीत, आणि मी त्यांचा तो नम्रपणा ओळखते. हे वाक्य कुठल्या इतिहासकाराच्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. पण साळ आणि माणूस एकाच किनाऱ्यावरून आले आणि सेवांच्या यादीत साळीला तेवढी जागा मिळाली, ही त्या सगळ्या पत्रव्यवहारातली सगळ्यात मोठी पोकळी आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आपली नागलीही आफ्रिकेचीच, हे मी तेव्हा सांगितलं. हजारो वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतून ती इथं आली. तिला आणणाऱ्याचं पत्र नाही, वही नाही. वारल्यांनी तिला आपलं म्हणून इतकं जवळ केलं की कणसरी ही त्यांची धान्याची देवीच झाली. आणि ज्या चिकूसाठी घोलवडचं नाव झालं तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. घोलवडला त्याची पहिली लागवड 1898 ची मानतात. चुनखडीच्या अंशाच्या जमिनीत कालीपत्ती जात गोड झाली आणि 2016 मध्ये डहाणू घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. वाडा कोलमला 2021 मध्ये मिळालं. मानांकनाच्या कागदावर गाव येतं, तालुका येतो. निवड करकरून ते वाण टिकवणाऱ्या बाईचं नाव येत नाही.

सरांची इच्छा अशी की झाई-बोरीगाव भागातल्या जुन्या जातींची एक वही करावी. भात, नागली, वरई, उडीद, तूर, वाल, काकडी, चिबूड. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बायफ या संस्थेच्या मदतीनं बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जव्हारकडेही बायफनं असं काम केलं आहे. मग आपल्याकडं का नको? कायदाही आपल्या बाजूचा आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम 39 नं शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बियाणं राखायला, पेरायला, देवघेव करायला आणि विकायलाही मोकळीक दिली आहे. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावानं विकता येत नाही.

“वही करू,” ती म्हणाली. “कापडाच्या बाबतीत मी तुमची नाही, पण बियाण्याच्या बाबतीत आहे. कापड मी विकत घेईन. पगार आहे. बियाणं विकत घ्यायला लागले तर पगार तिकडंच जाईल. पण वही माझ्या पद्धतीनं.”

“तुझी पद्धत सांग.”

“पहिल्या रकान्यात जातीचं नाव नाही लिहायचं. पहिल्यांदा जिनं राखलं तिचं नाव. तिचं, तिच्या नवऱ्याचं नाही. मग गाव, मग पाडा. मग तिनं कुणाकडून आणलं. माहेराहून आणलं असेल तर माहेरचं नाव. जात त्याच्यानंतर.”

सरांनी लिहून घेतलं. “आणि बियाणं घेणाऱ्यानं हंगामानंतर दुप्पट परत द्यायचं. बहुतेक ठिकाणी तोच रिवाज आहे.”

“पाऊस गेला तर?”

“तर पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षी दुप्पटच, चौपट नाही. ते लिहा सर. थकलं की वाढायचं, वाढलं की राबायचं, हे आमच्याकडं होऊन गेलंय. आणि नाहीच परत देता आलं तर खोडायचं, वाढवायचं नाही.”

“लिहिलं.”

“अंगठा लावणाऱ्या बाईला तिची ओळ मोठ्यानं वाचून दाखवायची, मगच अंगठा. तिला चूक वाटली तर खोडून तिच्या शब्दांत लिहायची. मला रविवारी सुट्टी असते. आईपासून सुरुवात करू. तिच्याकडं कोलम आहे, दोन रंगांची नागली आहे, आणि मामीकडून आणलेली काकडी आहे, तिचं नाव काय ते तिलाच विचारायला लागेल.”